टॉवेलाखालची सात वर्षं

अण्णा, तू मला फसवलंस. शाहूपुरीत, स्कॅन सेंटरच्या दारात, भर दुपारी, टॉवेलाखाली हात घेऊन फसवलंस. आयुष्यभर मला फसवायला माणसं येत राहिली. कुणी म्हाताऱ्या म्हशीला तरणी म्हणून खपवायला बघितलं, कुणी दोन वेळा दूध न काढता कास फुगवून बाजारात आणली. एकालाही जमलं नाही. तुला जमलं, कारण तुझ्या हातावर मी कधी संशय घेतला नव्हता.

तुझं रक्षाविसर्जन झालं त्या दिवशी सगळा बाजार लोटला होता. पार सीमेपलीकडचे हेडीसुद्धा आले. हेडी म्हणजे जनावरांचा दलाल, त्याला एवढी माणसं कशी, असं एक पाहुणा विचारत होता. जो तो हेच म्हणत होता, "जिभेचा फटकळ, पण हाताचा खरा." मी तोंडाला पदर लावून बसले होते. लोकांना वाटलं, बहीण रडते आहे. तेव्हा मला अजून काही माहीत नव्हतं, म्हणून खरंच रडत होते. त्याच संध्याकाळी वहिनीने सांगितलं. तेव्हापासून मी रडलेले नाही.

आपल्या बाजारात तोंडाने सांगितलेला भाव म्हणजे नुसता वारा. तोंडाने वाटेल ते बोलायचं, म्हशीला नावं ठेवायची, उठून निघाल्याचं नाटक करायचं. खरा भाव टॉवेलाखाली. एकाने खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकायचा, दुसऱ्याने खालून हात घालायचा आणि बोटं धरून बोलायचं. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा धरला तर पाच. आजूबाजूला उभ्या असलेल्यांना काही कळत नाही. आणि त्यातला नियम तूच मला शिकवलास. तोंड खोटं बोललं तर चालतं. टॉवेलाखाली बोट खोटं बोललं, तर त्या माणसाने बाजारात परत पाय ठेवायचा नाही.

नवऱ्याने टाकल्यावर मी उचगावला परत आले तेव्हा अंगावरच्या लुगड्याशिवाय माझ्याकडे काही नव्हतं. दुसऱ्या कुठल्या भावाने बहिणीला एक म्हैस अशीच दिली असती आणि गावभर सांगितलं असतं. तू दिली नाहीस. गोठ्यात मला उभी केलीस, पेंडीचं रिकामं पोतं आपल्या हातावर टाकलंस आणि म्हणालास, "घाल हात. बोल, कितीला घेतीस?"

"माझ्याकडं काय हाय?" मी म्हणाले.

"न्हाय म्हणूनच तर घासाघीस करायची असती, बायडे. ज्याच्याकडं हाय तो कशाला करंल?"

त्या पोत्याखाली तू मला बोटं शिकवलीस. मी चुकले की अंगठा पिरगाळायचास. शेवटी सकाळचं दूध तुझं आणि संध्याकाळचं माझं, असा सौदा ठरला, तोही किती दिवस ते मी घासून कमी करून घेतलं. सौदा पक्का झाल्यावर तू जोरात हसलास. "ही बया मला खाणार," असं वहिनीला ओरडून सांगितलंस. पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठली. त्या एका म्हशीवर मी उभी राहिले. आज माझी दावण तुझ्यापेक्षा लांब आहे. अण्णा, त्या दिवशी तू मला फुकट काही दिलं नाहीस, याबद्दल मी जन्मभर तुझी ऋणी आहे. हे तोंडावर कधी बोलले नाही. बोलले असते तर तू त्यावरही घासाघीस केली असतीस.

पण तुझ्याशी भांडण होतं, ते होतंच. घरात शिकवलंस, बाजारात मात्र माझ्यासाठी टॉवेल कधी टाकला नाहीस. मी हात पुढे केला की तू टॉवेल झटकून खांद्यावर टाकायचास.

"बाईच्या हातात हात घालून सौदा करायचा? लोक काय म्हणतील?"

"तू भाऊ हायस माझा."

"बाजारात मी भाऊ न्हाय. हेडी हाय."

मग मी काय करणार? टॉवेल मिळाला नाही म्हणून मी भाव उघड्यावर, ओरडून करायला लागले. ज्याला लपवायचं त्याने लपवावं, माझा आकडा सगळ्या बाजाराला ऐकू जायचा. आधी लोक हसले, मग शेतकरी मुद्दाम माझ्याकडे यायला लागले, कारण माझ्याकडे दोन भाव नसायचे. माझा आवाज मी तुझ्यावर चिडून कमावला. तुझा मात्र जन्मजात होता. तू बाजाराच्या एका टोकाला हाक मारलीस की दुसऱ्या टोकाचा चहावाला आधण ठेवायचा.

तोच आवाज यंदा थंडीत बसला. "गारठा बाधलाय," म्हणालास आणि गळ्याला मफलर गुंडाळलास. संक्रांत झाली, ऊन तापलं, तरी मफलर काही उतरेना. एका शेतकऱ्याने तुला विचारलं, "पावणं, म्हस इकायला आलायसा का गळा इकायला?" सगळे हसले, तूही हसलास, पण हसण्याचाही आवाज आला नाही. त्या दिवशी गोठ्यात मी तुझा मफलर ओढून काढला. जबड्याखाली उजव्या बाजूला गाठ होती. जनावराच्या अंगावर गाठ दिसली की मी जे करते तेच केलं, बोटांनी हलवून बघितली. हलणारी गाठ परवडली. ही जागची हलत नव्हती.

"किती दिवस झाले?"

"कशाला गं बोंबलतीस? जाईल की."

मी तुला टेम्पोत घातलं तेव्हा म्हैस चढवताना लागत नाही एवढी ताकद लागली. शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी नळीने घसा आतून बघितला, गाठीत सुई घालून पाणी काढून तपासायला पाठवलं, आणि म्हणाले, शिरेत रंग सोडून गळ्याचा स्कॅन करून आणा, मग सगळं एकदम सांगतो.

खालच्याच मजल्यावर स्कॅन सेंटर होतं. काउंटरवरच्या मुलीने साध्या स्कॅनचा दर वेगळा आणि रंगाच्या स्कॅनचा वेगळा सांगितला. मी कशाला सोडते?

"म्हशीबरोबर रेडकू फुकट येतंय. स्कॅनबरोबर रंग द्या की."

तू मागून माझ्या कानाशी कुजबुजलास, "आधी म्हस तरी दाव म्हणावं." वहिनी पदरात तोंड घालून हसली. आपण तिघं असं एकत्र हसलो ती शेवटची वेळ. तेव्हा ते कुणाला माहीत होतं?

आतून मशीन चालवणारी बाई आली. तरुण होती, पण तिच्याशी घासाघीस करता येणार नाही हे मला बघताच कळलं. तिने समजावून सांगितलं. साध्या फोटोत गळ्यातलं सगळं एकाच करड्या रंगाचं दिसतं, मांस काय, गाठ काय आणि रक्ताच्या नळ्या काय. शिरेतून रंग सोडला की नळ्या उजळतात. मग कळतं की गाठ नळीच्या शेजारी आहे, तिला टेकली आहे, की तिला धरून बसली आहे.

"म्हंजे म्हशीच्या पोटाखालची दुधाची शीर बघतो, तसं," तू म्हणालास.

"मला म्हशीतलं काही कळत नाही, काका."

"मग तुला फसवाय लय सोप्पं हाय."

तिने तुझ्या रक्ताचा रिपोर्ट बघितला, किडनी ठीक आहे म्हणाली. सकाळपासून काही खाल्लंय का, दमा आहे का, कधी कुठल्या इंजेक्शनची रिअॅक्शन आली होती का, असं विचारलं. "रिअॅक्शन फकस्त बायकोची येती," तू म्हणालास आणि वहिनीने तुझ्या पाठीत धपका घातला. कानातली बाळी काढली, गळ्यातला काळा दोरा काढला, खालची कवळी काढून वहिनीच्या हातावर ठेवलीस. गळ्यातला दोरा काढल्यावर तू एकदम लहान दिसायला लागलास. शाळेत जाताना दिसायचास तसा.

मी आत येणार म्हणून हटून बसले. ती नाही म्हणाली. मी भांडले. शेवटी तिने विचारलं, "मावशी, तुम्ही गरोदर नाही ना? इथे क्ष-किरण असतात."

"पन्नाशी उलटल्यावर? कुनी केलं म्हणायचं?"

ती पहिल्यांदाच हसली आणि मला काचेच्या अलीकडे, तिच्या खुर्चीमागे उभं राहू दिलं. पलीकडे तू त्या मोठ्या कड्यात आडवा पडला होतास. हाताच्या शिरेत सुई, तिला लांब नळी. तिने तुला बजावून सांगितलं होतं. रंग गेला की अंगातून गरम लाट जाईल. तोंडात लोखंडाची चव येईल. लघवी झाल्यासारखं वाटेल, होत नाही. हलायचं नाही, बोलायचं नाही, आवंढा गिळायचा नाही.

"आन् झालीच तर?"

"झाली तर मी पुसेन."

"मग चालतंय."

मशीन फिरायला लागलं. तिने माइकवरून सांगितलं, "काका, आता गिळू नका." आणि तू त्या बसक्या आवाजात, होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलास, "न्हाय गिळत!"

"बोलू पण नका!"

"बरं!"

तिने कपाळाला हात लावला. पडद्यावरचा तुझा गळा विस्कटून गेला होता, पाण्यात दगड टाकल्यावर सावली विस्कटते तसा. तिला काय माहीत, आपल्याकडे हाक मारली की ओ द्यावी लागते. ओ न देणारा माणूस एकतर मेलेला, नाहीतर शेफारलेला. मी तिला बाजूला सारलं आणि माइकला तोंड लावलं. "अण्णा, मुकाट पड." तू पडलास. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंस. ती म्हणाली, रंग अजून आहे, आहे तोवर परत फिरवते.

आणि मग मी ते बघितलं.

तुझ्या गळ्याचे एकावर एक काप पडद्यावरून जात होते, कांद्याच्या चकत्यांसारखे. मधे हवेचं काळं भोक. मागे मणक्याचं पांढरं हाड. आणि दोन्ही बाजूंना दिव्यासारखे पेटलेले ठिपके, त्या नळ्या. डावीकडे दोन ठिपके होते, एक गोल, एक लांबट, दोन्ही लख्ख. उजवीकडे एकच होता, आणि त्याच्याभोवती करड्या रंगाचं काहीतरी होतं. त्याची कड उजळ होती, आत काळं होतं. एखाद्याने मुठीत अंगठी धरावी तसं ते त्या ठिपक्याला धरून होतं.

मी जन्मभर जनावरांच्या शिरा बघत आले, अण्णा. डावी-उजवी सारखी नसली की मला लगेच दिसतं. मी विचारलं, "हितला दुसरा दिवा कुठं गेला?" ती माझ्याकडे वळली नाही. "डॉक्टर सांगतील, मावशी," एवढंच म्हणाली, आणि तोवर माझ्याशी उलट बोलणारी ती बाई अचानक फार मऊ झाली होती.

तू बाहेर आलास, कोपराच्या खळग्यात कापूस धरून. वहिनीने विचारलं, कसं वाटलं. तू म्हणालास, "आतनं कोनतरी कंदील घिऊन फिरून गेलं बघ. पार गळ्यापतूर आलं, जरा थांबलं, आन् गेलं."

दुपारी रिपोर्ट तयार झाला आणि डॉक्टरांनी तुला वर बोलावलं. त्याच वेळी खाली माझ्या टेम्पोला एका रिक्षावाल्याने धडक दिली. आरसा मोडला. वॉचमन सांगत आला आणि तू म्हणालास, "जा बायडे, न्हायतर पळून जाईल त्यो. आमी हाय की हितं." मी गेले. रस्त्यावर माणसं जमवली, त्या रिक्षावाल्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. मी ओरडत होते आणि वर, माझ्या आवाजाच्या डोक्यावर, डॉक्टर तुला सांगत होते.

मी येईपर्यंत तुम्ही दोघं खाली आला होतात. वहिनी भिंतीकडे तोंड करून कवळी पिशवीत ठेवत होती. किती वेळ ठेवत होती ती!

"काय म्हणाले?"

"गाठ हाय. गोळ्यांनी इरघळती म्हणाले."

"अण्णा, खरं सांग."

"सांगितलं की."

तोंडाने सांगितलेल्या भावावर मी कधी विश्वास ठेवला आहे? मी हात पुढे केला. रस्त्यावर, एवढ्या माणसांत. "टॉवेल टाक," मी म्हणाले. मला वाटलं, तू नेहमीसारखा झटकून खांद्यावर टाकशील. तू माझ्याकडे बघितलंस. खांद्यावरचा टॉवेल काढलास आणि आपल्या हातावर पसरलास. उघड्यावर, लोकांच्या देखत, पहिल्यांदा. मी हात घातला. तुझा हात गरम होता, अजून त्या रंगाची ऊब त्यात असावी असा. मी तोंडाने विचारलं, "किती वर्षं?"

तू माझा पंजा धरलास. पाच.

मी हात सोडवून घेतला आणि तुझा पंजा दोनदा धरला. दहा. तू मान हलवलीस आणि पंजा धरून वर एक बोट दाबलंस. सहा. मी अडून बसले. रिक्षावाला तिथेच उभा होता, तो आपल्याकडे टकामका बघत होता. तू हसायला लागलास, आवाज न करता, खांदे हलवत. मग पंजा धरलास आणि वर दोन बोटं. सात. आणि अंगठा दाबलास. सौदा पक्का.

मला केवढा आनंद झाला, तुला काय सांगू! माझ्या भावाची दोन वर्षं मी घासून वाढवून घेतली होती. पडद्यावर डोळ्यांनी बघितलेलं मी तिथेच पुसून टाकलं. कारण मशीन माझ्या ओळखीचं नव्हतं आणि तुझा हात ओळखीचा होता. रिक्षावाल्यालाही मी सोडून दिलं. "जा, आज नशीब हाय तुजं," म्हणाले.

त्यानंतर तू जयसिंगपूरला लेकीकडे जाऊन राहिलास. हवापालट म्हणालास. मी यायची, तू दारात खुर्ची टाकून बसलेला असायचास, मफलर गुंडाळून. ताकातला भात पातळ करून खायचास, मी रागवायची, "नीट जेव की, सात वर्षं असला भात खाणार हायस व्हय?" वहिनी आत निघून जायची. मला वाटायचं, मी ओरडते म्हणून जाते. एकदा मी म्हणाले, "शाहूपुरीत टॉवेल टाकलास, आता बाजारातही टाकायचा. सगळ्यांसमोर." तू म्हणालास, "टाकतो की. दिवाळी झाली की पयला सौदा तुझ्यासंगं." तेव्हा गुढीपाडवा जेमतेम झाला होता. अण्णा, तू दिवाळीचा वायदा केलास! शिरेतून रंग गेला तेव्हा त्या बाईने आधी सांगितलं तरी होतं, काय काय होईल ते. तू तेवढंही केलं नाहीस.

वैशाखात तू उचगावला परत आलास आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याच्या दारात म्हशीला हाक मारलीस. बसका होता, पण तुझा आवाज होता. म्हशीने मान वळवली. वहिनी म्हणते, त्यानंतर तू आत जाऊन पडलास तो उठला नाहीस. मी बाजारात होते. मला फोन आला तेव्हा मी एका शेतकऱ्याशी भांडत होते.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी माणसं गेल्यावर मी वहिनीला म्हणाले, डॉक्टरने फसवलं, गोळ्या खोट्या दिल्या, मी त्याला सोडणार नाही. तेव्हा ती चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "डॉक्टरनं न्हाय. तुमच्या भावानं."

मग तिने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी तो फोटो उजेडावर लावून दाखवला होता. गाठीने मेंदूकडे जाणाऱ्या नळीला वेढलं होतं, दुसरी नळी दाबून बंद केली होती, आणि मूळ रोग स्वरयंत्रात होता. मोठ्या शहरात ऑपरेशन करून बघता येईल, खात्री नाही, आणि केलं तर आवाज कायमचा जाईल. नाही केलं तर थोडे महिने. किरणांचा शेक देऊन बघू, असंही ते म्हणाले. तू एकच विचारलंस, आवाज राहील का? ते म्हणाले, ऑपरेशनमध्ये नाही. तू म्हणालास, मग राहू द्या. शेकही नको, दुखण्यापुरत्या गोळ्या द्या.

"मला का न्हाय सांगितलं?" मी विचारलं.

"सांगू नको म्हणाले. म्हणाले, बायडी देवासंगं घासाघीस करंल आन् त्या घासाघिशीत मला टेबलावर झोपवंल."

"मग काय? झोपवलंच असतं!"

"व्हय की. म्हणूनच न्हाय सांगितलं. सांगितलं असतं तर तुमी त्यांना मरू दिलं असतं का?"

मी तिच्यावर धावून गेले, अण्णा. तुझ्या घरात, तुझ्या फोटोसमोर. ती हलली नाही. एवढंच म्हणाली, "शाहूपुरीतनं आल्यावर मोरीत बसून हात धूत होते. चोळून चोळून. मी म्हटलं, रंग आतनं सोडलाय, हाताला न्हाय लागलेला. तर म्हणाले, तुला न्हाय कळायचं."

मला कळलं. बाजारातलं दुसरं कुणी असतं तर त्यालाही कळलं असतं.

मी डॉक्टरांकडेही जाऊन आले. टेबलावर हात आपटला. ते शांतपणे म्हणाले, "तुमचे भाऊ शुद्धीत होते, निर्णय त्यांचा होता. मी त्यांना विचारलं होतं, बहिणीला बोलावू का? ते खिडकीतून खाली बघत होते. म्हणाले, राहू द्या, ती कामात आहे." खिडकीतून तू मला बघत होतास. मी एका मोडक्या आरशासाठी जीव तोडून भांडत होते आणि तू वरून ऐकत होतास. त्याच आवाजाला घाबरलास का रे? की तो ऐकूनच ठरवलंस की आवाजाशिवाय जगायचं नाही?

तुझे फोटो मी वहिनीकडून आणले आहेत, ते मोठे काळे कागद. खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवले आहेत. सकाळी ऊन आलं की तुझा गळा उजळतो. तुझा चेहरा त्यात नाही, डोळे नाहीत, मिश्या नाहीत, तरी तो तूच आहेस, दुसरं कुणी नाही. घरी येणारी माणसं म्हणतात काढ ते, अशुभ दिसतं. मी काढत नाही. डावीकडचे दोन दिवे मोजते, उजवीकडचा एक. जागा बदलून बघते. कुठूनही बघितलं तरी तो दुसरा दिवा लागत नाही. आणि आता काय सांगू तुला? झोपेत माझा हात गरम होतो. कुणीतरी पंजा धरतं आणि वर दोन बोटं दाबतं. जाग आली की बोटांवर वळ असतात. माझेच असतील. मीच धरत असेन. पण अंगठा कोण दाबतं?

गोठ्यातही तू असतोस. धार काढताना म्हशी एकदम कान टवकारतात आणि दाराकडे बघतात. मी बघते, तर तिथे कुणी नसतं. मी मोठ्याने विचारते, "कोन हाय?" ओ येत नाही. हाक मारली की ओ देणारा माणूस तू, काचेपलीकडून, मशीनच्या पोटातून, नको म्हटलेलं असतानाही ओ देणारा. आता का नाही देत?

बाजारात सगळे म्हणतात, झालं ते झालं. नाही झालं. सौदा दोघांत झाला होता. तू आकडा दिलास, मी वाढवून घेतला, तू अंगठा दाबलास. ऑपरेशन नको, हे तुझं होतं, मान्य. गळा तुझा होता. पण माझ्याशी खोटं बोलायचं हेही तुझंच होतं का? मला खरं सांगितलं असतंस तर मी भांडले असते, डॉक्टरांना शिव्या दिल्या असत्या, तुला मुंबईपर्यंत ओढत नेलं असतं, रस्त्यात तू नाही म्हणाला असतास, मी रडले असते, आणि कदाचित, कदाचित हरून परत आणलं असतं. हरायचं तर हरायचं, पण मला हरू तरी द्यायचं होतंस! जन्मभर मला घासाघीस शिकवलीस आणि ज्या एका गोष्टीसाठी करायची होती, तिथे मला रस्त्यावर आरशाशी भांडायला पाठवलंस.

वहिनीला मी जाब विचारला, तिने दिला. डॉक्टरांना विचारला, त्यांनीही दिला. राहिलास तू. बाकी सगळं सोडलंस, ऑपरेशन सोडलंस, शेक सोडला, मला दिलेली सात वर्षं सोडलीस, फक्त आवाज तेवढा राखून नेलास. इतका महाग घेतलास तो. मग तो कशासाठी? बोटं नकोत मला आता, झोपेतही नकोत. समोर ये, आणि त्या आवाजाने, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं, तोंडाने सांग अण्णा: मला का फसवलंस?